चांदीच्या पुडीची आंघोळ

शेवगावच्या आमच्या हायस्कुलात विज्ञानाच्या खोलीच्या छताला एक रुपेरी डाग होता. साधारण भाकरीएवढा. दुपारी तीनच्या सुमाराला खिडकीतून ऊन आलं की तो असा चमके की नवखा माणूस आधी खाली बघे, कुणी पाण्याची परात ठेवली आहे का म्हणून. परात नसे. मग तो वर बघे, मग माझ्याकडे बघे, आणि मी खिडकीबाहेर बघे.

या डागाबद्दल गावात पुढे बऱ्याच हकिकती पसरल्या. एकीत मी बाँब करत होतो. दुसरीत मी कथलाची चांदी करत होतो आणि ऐन वेळी भट्टी फुटली. या हकिकतींत माझी हुशारी मूळ प्रसंगातल्यापेक्षा पुष्कळ जास्त असल्यामुळे मी त्या कधी खोडून काढल्या नाहीत. पण आता खरं सांगून टाकतो. खरी हकिकत माझ्या फजितीची आहे, पण शेवटी आम्ही जिंकलो. आणि जिंकलेल्या माणसाने आपली फजिती लपवू नये, लोणच्यासारखी तोंडी लावायला घ्यावी.

दुसऱ्या महायुद्धाची, म्हणजे आमच्या भाषेत लढाईची, शेवटची वर्षं होती. मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन शेवगावला विज्ञानाचा मास्तर म्हणून रुजू झालो होतो. वय तेवीस, डोक्यावर टोपी आणि टोपीत हवा. शाळेला मॅट्रिकला विज्ञान शिकवायची परवानगी होती, पण ती तात्पुरती. हेडमास्तरांनी तीन वर्षं अर्ज करकरून ती मिळवली होती. ते स्वतः संस्कृतचे. विज्ञानाबद्दल त्यांना प्रेम नव्हतं, पण आपल्या शाळेत ते नाही याची लाज मात्र होती. इन्स्पेक्टरसाहेब येणार, प्रयोग बघणार, समाधान झालं तर परवानगी कायम. नाही झालं तर वर्ग बंद.

वर्गात नऊ मुलं. बहुतेक आजूबाजूच्या वस्त्यांवरची, शेतकऱ्यांची, रोज चार-पाच मैल चालून येणारी. विज्ञान हवं असेल तर नगरला जा, असं त्यांना सांगणं म्हणजे शाळा सोडा असंच सांगणं होतं. घरून नगरला पाठवण्याजोगा त्यांच्यात एकच होता, आणि त्याला विज्ञान आवडत नसे.

इन्स्पेक्टरसाहेबांची एक ख्याती होती. प्रत्येक शाळेत ते एकच प्रयोग मागत. "हायड्रोजन दाखवा." ज्याला हायड्रोजन करता येतो तो मास्तर बाकीचं सांभाळून नेईल, असं त्यांचं मत. शेजारच्या तालुक्यातल्या एका मास्तराने हायड्रोजनच्या ऐवजी फळ्यावर त्याचं समीकरण दाखवलं. त्या खोलीत आता चित्रकलेचा तास होतो, असं हेडमास्तर मला आठवड्यातून दोनदा सांगत.

हायड्रोजनला लागतं जस्त आणि गंधकाचं आम्ल. जस्त लढाईने नेलं होतं. बाजारात जस्ताचा तुकडा मिळेना. आम्ल मात्र लढाईने नेलेलं नव्हतं. ते मी संपवलं होतं.

झालं असं, की रुजू झाल्याबरोबर मुलांवर छाप पाडायची म्हणून मी साखरेवर आम्ल ओतून दाखवलं. पांढरी साखर पिवळी पडते, मग काळी होते, फुगते आणि कोळशाचा नाग भांड्यातून वर येतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या स्वभावात एक खोट आहे: टाळी पडली की मला थांबता येत नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या इयत्तेला नाग दाखवला. तिसऱ्या दिवशी मराठी शाळेतले मास्तर मुद्दाम आले, त्यांना दाखवला. मग कचेरीतले कारकून आले. चौथ्या नागाच्या वेळी हेडमास्तर दारात उभे होते.

"काय हो बीएस्सी," ते म्हणाले. ते मला याच नावाने हाक मारत आणि त्यात कौतुक कमी असे. "लोकांना रेशनवर साखर मिळत नाही, आणि तुम्ही तिचा कोळसा करता?"

"सर, तो शुद्ध कार्बन आहे."

"मग आजपासून तोच घाला तुमच्या चहात."

पौषात खात्याचं पत्र आलं: महिनाअखेर साहेब येत आहेत. मी कपाट उघडून आम्लाची बाटली उजेडात धरली. तळाशी चमचाभरही नव्हतं. नगरला लिहिलं, पुण्याला लिहिलं. दोन्हीकडून उत्तर आलं की लढाई संपली की पाठवतो. मी लढाई संपायची वाट बघू शकलो असतो. साहेब बघणार नव्हते.

साहेब येणार म्हणून शाळेच्या लोखंडी फाटकाला चांदीचा रंग द्यायचं ठरलं होतं. रंग देत होते आमचे शिपाई. त्यांना लहानथोर सगळे मामाच म्हणत, हेडमास्तरसुद्धा. बाजारातून चांदीच्या पुडीचे दोन डबे आणले होते. पूड जवसाच्या तेलात कालवायची आणि कुंचल्याने फासायची. मी हताश होऊन पायरीवर बसलो होतो. एक डबा माझ्या पायाशी होता. त्याच्यावर इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं: अ‍ॅल्युमिनियम.

पुस्तकातलं पान डोळ्यांपुढे उभं राहिलं. अ‍ॅल्युमिनियम हा मोठा अधाशी धातू. पाण्यातला ऑक्सिजन हिसकावून घेतो, आणि हायड्रोजन मोकळा होतो. पाणी शाळेच्या विहिरीत होतं, अ‍ॅल्युमिनियम मामांच्या डब्यात. मी उठलो आणि तडक हेडमास्तरांच्या खोलीत गेलो. आधी करून बघावं आणि मग बोलावं, ही रीत मी पुढे शिकलो.

"सर, हायड्रोजनची काळजी सोडा. उद्या सकाळी तुम्हाला दाखवतो."

"आम्ल आलं?"

"आम्ल नको."

"जस्त?"

"तेही नको."

"मग काय हवं?"

"पाणी."

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे पुण्याला शिकवतात, का तुमचं घरचं आहे?"

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर, मामा आणि नऊ मुलं टेबलाभोवती जमली. मी काचेच्या भांड्यात पाणी घेतलं, दोन शब्द बोललो (दोन म्हणजे पंधरा मिनिटं) आणि चमचाभर पूड पाण्यात सोडली.

पूड पाण्यात गेलीच नाही. ती पाण्यावर पसरली. बघता बघता सगळ्या पाण्याला एक चकचकीत रुपेरी साय आली, आणि ती साय काही हलेना. बुडबुडा नाही, फेस नाही, काही नाही. हेडमास्तर वाकून बघू लागले.

"ह्यात मला माझ्या मिशा दिसतायत," ते म्हणाले. "हायड्रोजन कुठल्या बाजूला आहे?"

मी बोटाने ढवळलं. बोट वर काढलं तर ते कोरडं! पाण्याचा थेंब लागलेला नाही, आणि पेरापर्यंत चांदी चढलेली. अशा अडचणीत मला नाक खाजवायची सवय आहे. मी नाक खाजवलं, मग कपाळाचा घाम पुसला, मग कानामागे हात नेला. मुलं खाली मान घालून हसू लागली. मामा मात्र गंभीर होते.

"मास्तर," ते म्हणाले, "फाटकापरीस तुमालाच झाक आला रंग."

मी पाण्यात धुण्याचा सोडा टाकून पाहिला, जास्त पूड टाकून पाहिली, काठीने घुसळून पाहिलं. पूड बुडवली की बुचासारखी वर. शेवटी एकच निष्कर्ष उरला: माल खोटा आहे. मी चांदीचं नाक घेऊनच बाजारात रंगाच्या दुकानावर गेलो आणि भरल्या गिऱ्हाइकांत दुकानदाराला म्हणालो, "शेटजी, तुमच्या पुडीत भेसळ आहे. पाण्यात टाकली तर काही होत नाही."

शेटजींनी आधी माझ्या नाकाकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "मास्तर, काही होऊ नये म्हणूनच लोक ती नेतात. पत्र्याला लावल्यावर पावसात फसफसायला लागली तर उद्या माझ्या दुकानावर दगड येतील. जरा चिमटीत धरून बघा."

मी चिमूट चोळली. पूड बोटांतून सटकत होती, शेंगदाण्याच्या कुटासारखी तुपकट.

"कुटताना कारखान्यातच मेणासारखं काहीतरी घालतात," शेटजी म्हणाले. "नाहीतर गोळे होतात. ती पाण्याला शिवत नाही, हाच तर तिचा गुण. आणि तुम्ही त्याचीच तक्रार घेऊन आलात."

गिऱ्हाइकं हसली. मी पण हसलो, कारण दुसरं काही करता येण्याजोगं नव्हतं. पण घरी परत येताना डोक्यात काहीतरी सुरू झालं होतं. मी धातूचा विचार करत होतो आणि धातूने काय नेसलं आहे हे बघितलंच नव्हतं. घरी पुस्तक काढलं, आणि जे पान मला तोंडपाठ होतं त्याच्या खालच्या चार ओळी पहिल्यांदा वाचल्या. अ‍ॅल्युमिनियमला हवा लागताच त्याच्यावर स्वतःचीच एक पातळ, चिवट साल धरते. म्हणून साध्या पाण्यात तो गप्प राहतो. म्हणजे माझ्या पुडीच्या कणाकणावर दोन कपडे होते: वरून मेणाचा अंगरखा, आत सालीची बंडी. आणि मी या दोन्हींसकट तिला पाण्यात ढकलून ती भिजत नाही म्हणून चिडत होतो.

अंगरखा उतरवायला मी साबण घेतला. साबणाच्या पाण्यात पूड भिजली खरी, पण फेसात दडून बसली आणि बंडी काही सोडली नाही. दोन दिवस मी नुसता फेस करत होतो. साहेब यायला आठ दिवस उरले. हेडमास्तर आता मला काही विचारत नसत, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं. एकदा मधल्या सुट्टीत ते मॅट्रिकच्या वर्गाच्या दाराशी उभे राहून नऊ मुलांकडे नुसते बघत होते. मला पाहून म्हणाले, "भूगोलाचा मास्तर चांगला आहे आपला," आणि गेले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मामा खोली झाडायला आले तेव्हा मी सातव्यांदा पूड धूत होतो.

"काय करताय मास्तर?"

"हिचा तुपकटपणा काढतोय."

"गार पान्यानं?" मामा केरसुणी टेकवून उभे राहिले. "आवो, तुपकट भांडं गार पान्यानं निगतं व्हय? ऊन पानी घ्या, राख घ्या. आमच्या घरात लेकराला बी कळतंय."

"मामा, हे भांडं नाही. ही रसायनं आहेत."

"असतील. पन राखंचं जरा बेतानं. आमच्या म्हातारीनं जर्मनचं नवं पातेलं राखंनं घासलं आन् राखंचं ऊन पानी तसंच रातभर त्यात ठिवलं. सकाळी बघती तर पातेलं काळं ठिक्कर! आन् ठिवलं तवा कसं फसफसत हुतं. म्हातारी म्हनली, भांड्यात कायतरी शिरलंय."

अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना तेव्हा सगळे जर्मनचीच भांडी म्हणत. माझ्या हातातली पूड खाली पडली. फसफसत होतं! मामांच्या आईने, कुठलीही पदवी न घेता, माझा प्रयोग आपल्या चुलीपुढे करून ठेवला होता, आणि वर भांडं फुकट गेलं म्हणून कुरकूर केली होती. राखेतला खार मेणही खातो आणि सालही खातो. एकाच पाण्यात दोन्ही कपडे उतरतात.

रविवारी सकाळी मामांनी घरून राखेचं ऊन ऊन पाणी फडक्यातून गाळून आणलं. मी ते बाटलीत घेतलं, दोन चमचे पूड टाकली आणि बघत बसलो. पूड भिजली, पण बुडबुडा नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. इथे माझ्यातला बी.एस्सी. परत जागा झाला. मला वाटलं पूड कमी पडली. आणखी चार चमचे टाकले. वाटलं वायू निसटून जात असेल. बूच घट्ट बसवलं. वाटलं नीट मिसळत नसेल. बाटली दोन्ही हातांत धरून मी खळखळा हलवली.

मामा दारात उभे राहून तंबाखू मळत होते. तळहातावर चुना लावून अंगठ्याने मळायचा, मग दोन टाळ्या मारून भुकटी उडवायची, मग चिमूट ओठाखाली. त्यांनी दुसरी टाळी मारली आणि त्याच क्षणी बूच सुटलं.

आवाज असा झाला की फाटकाबाहेरची कुत्री पळाली. बूच छताला लागलं, आणि त्याच्यामागे रुपेरी फेसाचं कारंजं. छत, मी, माझी टोपी, माझं धोतर, तिन्ही लोक चांदीचे झाले. मी टोपीतून डोळे बाहेर काढले तेव्हा मामा भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या हातावरचा तंबाखूसुद्धा चमकत होता.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "झालं का तुमचं?"

"झालं, मामा! झालं!" मी नाचायला लागलो. खरंच नाचलो.

आवाज ऐकून पलीकडच्या कचेरीतला पोलीस धावत आला. त्या दिवसांत असल्या आवाजाला पोलीस फार तत्परतेने येत. त्याच्या आधी हेडमास्तर पोचले होते. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मग पोलिसाला म्हणाले, "काही नाही. विज्ञान चालू आहे." पोलीस गेल्यावर मला म्हणाले, "बीएस्सी, आता एवढंच साहेबांसमोर करा. फक्त छत सोडून."

त्या फजितीने मला जे शिकवलं ते चार वर्षांत कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. पूड उशीर का करते, हे आता माझ्या टोपीवर लिहिलेलं होतं. आधी कपडे उतरायला हवेत. तेवढा वेळ ती गप्प बसणार. एकदा उघडी पडली की मग मात्र आवरत नाही. म्हणून पूड अर्धा चमचाच घ्यायची, बुचातून नळी काढून तिचं दुसरं टोक पाण्यात सोडायचं, आणि थांबायचं. किती थांबायचं? घड्याळ एकच, ते हेडमास्तरांच्या खोलीत. पण मामांचा तंबाखू होता. आम्ही पाच दिवस रोज प्रयोग केला, आणि राखेचं पाणी चांगलं ऊन असलं की मामांची दुसरी टाळी आणि पहिला बुडबुडा यांची गाठ बरोबर पडे. मी तेवढ्याच लांबीचं भाषण बसवलं. मामांनी टाळी मारली की मी हात फिरवून म्हणायचं, "पाहा, हायड्रोजन!" मुलांना तर हे सगळं इतकं आवडलं की मामा मैदानात तंबाखू मळायला लागले तरी नऊजण श्वास रोखून उभे राहत.

साहेब यायचे होते अकराला. मामांनी साडेदहालाच राखेचं ऊन पाणी आणून माझ्या बाटलीत भरलं. अकरा वाजले, बारा वाजले. नगरहून येणारी मोटार तेव्हा कोळशाच्या गॅसवर चाले आणि चढ आला की कोळसा विझे. साहेब आले तीन वाजता, धुळीने भरलेले, भुकेले आणि रागावलेले. आल्या आल्या म्हणाले, "माझी परतीची मोटार चारला आहे. हायड्रोजन दाखवा."

मी भाषण सुरू केलं. पूड टाकली, बूच लावलं, नळीचं टोक पाण्यात सोडलं, त्या टोकावर पाण्याने भरलेली परीक्षानळी उपडी धरली. दारात मामा मळत होते. नऊ मुलं, मागे हेडमास्तर, पुढे खुर्चीत साहेब. मामांनी टाळी मारली, दुसरी मारली. मी हात फिरवला. "पाहा, हायड्रोजन!"

पाणी स्वच्छ. एक बुडबुडा नाही.

मी मामांकडे पाहिलं. मामांनी नवी चिमूट हातावर घेतली आणि घाईघाईने मळायला लागले. मी भाषणाची शेवटची चार वाक्यं परत म्हटली. टाळी. हात. "पाहा, हायड्रोजन!"

"मास्तर," साहेब म्हणाले, "तुमचा खांदा दुखतो का?"

कुणी हसलं नाही. मुलांचे चेहरे मला अजून आठवतात. एका मुलाने शेजाऱ्याचा हात धरला होता. हेडमास्तर खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांची मान ताठ होती. साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि शेऱ्याची वही मांडीवर घेतली. आणि तेवढ्यात दारातून मामा, दबक्या आवाजात पण अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं, म्हणाले, "मास्तर! पानी निवलंय!"

मी बाटलीला हात लावला. गारठण! साडेदहाचं ऊन पाणी तीन वाजेपर्यंत ऊन राहत नाही, हे समजायला बी.एस्सी. लागत नाही, बहुधा म्हणूनच मला समजलं नव्हतं. ऊन पाण्याशिवाय अंगरखा उतरणार नव्हता. स्पिरिटचा दिवा होता, स्पिरिट नव्हतं. मामांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला.

टेबलाच्या कडेला साहेबांसाठी हेडमास्तरांच्या घरून आलेला चहा होता. झाकलेलं पातेलं, आताच चुलीवरून उतरवलेलं, झाकणाच्या कडेने वाफ येत होती. मी झाकण काढलं आणि बाटली त्यात उभी केली.

"अहो!" हेडमास्तर ओरडले. "साहेबांचा चहा! त्यात वेलदोडा घातलाय!"

साहेबांचं पेन हवेतच राहिलं. "हा काय प्रकार आहे?"

आता भाषण संपलेलं होतं, पाठ केलेलं काही उरलं नव्हतं, तेव्हा मी खरं सांगितलं. "साहेब, ही पूड अंगावर मेण चढवून आलेली आहे, आणि त्याच्या आत तिची स्वतःची साल आहे. तोवर ती पाण्याला भीक घालत नाही. राखेच्या ऊन पाण्याने तिची आंघोळ झाली की मग तिचा खरा स्वभाव दिसतो. पाणी मी गार होऊ दिलं, ती चूक माझी. पुडीची नाही, आणि या मुलांची तर नाहीच."

मामांनी तिसरी चिमूट हातावर घेतली. खोलीत अंगठ्याचा घसघस आवाज तेवढा येत होता. एक टाळी.

दुसरी टाळी पडायच्या आधीच बुडबुडा आला.

एक, मग दोन, मग एकामागून एक, माळ तुटल्यासारखे. परीक्षानळीतलं पाणी खाली ढकललं जाऊ लागलं. पूड बाटलीत उकळल्यासारखी खदखदत होती आणि भोवती चहा हिंदकळत होता. नऊ मुलं कधी उठून टेबलाशी आली कळलंच नाही. साहेबही खुर्चीवरून उठले होते.

"पेटवा," साहेब म्हणाले. मला नाही, हेडमास्तरांना. "आगकाडी तुम्ही धरा."

नळी भरली तशी मी ती बाजूला नेली, बाटलीपासून चांगली लांब; छताने मला तेवढी अक्कल दिली होती. आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या त्या माणसाने काडी पेटवली आणि नळीच्या तोंडाशी धरली. भुक्‌! हेडमास्तर एक पाऊल मागे उडाले. टोपी वाकडी झाली. क्षणभर ते नळीकडे बघत राहिले, आणि मग लहान मुलासारखे म्हणाले, "पुन्हा!"

पुन्हा भुक्‌. पुन्हा टाळ्या. आता टाळ्या पडल्यावर मला थांबता येत नाही हे मी सांगितलंच आहे. पण त्या दिवशी हेडमास्तरांनाही थांबता येईना. उरलेली सगळी पूड मागवली. मामा फाटकाजवळचा अर्धा डबाही घेऊन आले. एक काडी साहेबांनी स्वतः लावली. मग एकेका मुलाने लावली, नवांच्या नवांनी. मामांना काडी दिली तर म्हणाले, "नगं बा, म्हातारी इचारील कुठं शिकलास." पण शेवटी त्यांनीही लावली, आणि आवाज झाल्यावर सवयीने हाताची टाळी मारली.

परतीची मोटार चारला सुटलीच नाही. कोळसा पेटत नव्हता. साहेबांनी सावकाश शेरा लिहिला आणि वही हेडमास्तरांच्या हातात दिली. हेडमास्तरांनी ती मोठ्याने वाचली: प्रयोग समाधानकारक; विज्ञानाची परवानगी कायम करण्यास हरकत नाही. मुलांनी जो ओरडा केला तो कचेरीपर्यंत गेला, आणि या वेळी पोलीस आला नाही. ओरडा थांबल्यावर हेडमास्तर वहीवर परत वाकले. "खाली आणखी एक ओळ आहे," ते म्हणाले. "चहा मिळाला नाही."

साहेबांना दुसरा चहा करून पाजला. तो बिनसाखरेचा होता. साखर कुठे गेली होती ते हेडमास्तरांनी त्यांना सांगितलं नाही, ही त्यांची माझ्यावरची मोठी मेहेरबानी.

पूड मात्र सगळी संपली. फाटकाची एक झाप, म्हणजे एक बाजू, रंगवून झाली होती, दुसरी तशीच राहिली. पावसाळा आला तशी उघडी झाप तांबूस झाली, मग पापुद्रे सुटायला लागले. रंगवलेली मात्र तेलामेणाचे कपडे घालून पावसात ढिम्म उभी, तशीच लखलखीत. लढाई संपली, बाजारात पूड परत मिळायला लागली, तेव्हा मामा म्हणाले की दुसरी झाप पण रंगवून टाकतो.

"नको," हेडमास्तर म्हणाले. "राहू दे ती तशीच. मॅट्रिकच्या पोरांना धडा शिकवायला बीएस्सींना पुन्हा छत लागायला नको."

पुढच्या जूनपासून माझा पहिला तास फाटकापाशी होऊ लागला. वर्गात तेव्हा मुलं नऊ नव्हती, बावीस होती.